पाळकांचे आभार कसे मानायचे: आमच्या टीमच्या नोंदी

1 सप्टेंबर, सोमवार

काल उपासनेनंतर चर्चच्या कमिटीने काम आमच्या छोट्या टीमकडे दिलं. ऑक्टोबरचा दुसरा रविवार, म्हणजे 12 तारीख, आपल्या पाळकांचे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचे, आभार मानायचा दिवस. अमेरिकेतल्या मंडळ्यांनी (चर्चच्या लोकांच्या समूहाला आम्ही मंडळी म्हणतो) 1992 पासून हा रविवार पाळकांसाठी ठेवायला सुरुवात केली, पुढे तो अख्खा महिनाच झाला आणि आता इतर देशांतल्या पण बऱ्याच मंडळ्या पाळतात. तारखेला तसं काही महत्त्व नाही, पण तारीख ठरली नाही की असली कामं "करू कधीतरी" वर जातात आणि तो कधीतरी येतच नाही.

पहिल्याच मीटिंगमध्ये बोलणं कुठे गेलं तर स्मृतिचिन्ह, दोन भाषणं, ग्रुप फोटो. वाईट काही नाही त्यात. पण मी स्पष्टच सांगितलं की एवढंच करायचं असेल तर टीमची गरज नाही, एक जण पण करेल. माझं म्हणणं असं की पाळकांचं बहुतेक काम आपल्याला दिसतच नाही आणि ते स्वतः सांगूही शकत नाहीत. रविवारचा संदेश सगळे ऐकतात, पण मंगळवारी रात्री कोणाच्या घरी नवरा-बायकोत मध्यस्थी करायला गेले, कोणाच्या मुलाला दारू सोडायला कुठे घेऊन गेले, कोणी नोकरी गेल्यावर त्यांच्याकडे येऊन रडलं, हे ते पुलपिटवरून (उपदेशाच्या जागेवरून) बोलणार नाहीत, वार्षिक अहवालात लिहिणार नाहीत, घरी पण सांगणार नाहीत. विश्वासाने सांगितलेली गोष्ट आहे ती. मग उरतं कोण? ज्याच्यासाठी केलं तोच माणूस. म्हणून आभार त्या माणसांकडून यायला हवेत, कमिटीच्या वतीने वाचलेल्या भाषणातून नाही. सगळ्यांना पटलं, तर पत्रांचा प्रकल्प नक्की: ज्याच्यासाठी पाळकांनी काही केलं त्याने स्वतः त्यांना पत्र लिहायचं.

4 सप्टेंबर, गुरुवार

एका वडीलधाऱ्या सभासदांचा आक्षेप आला आणि तो मनापासून होता म्हणून नीट लिहून ठेवतो. ते म्हणाले गौरव फक्त देवाचा, माणसाला असं वर चढवलं की मंडळी माणसाच्या मागे जाते. खरं आहे, असं झालेलं आपण पाहतो. एका पाळकाभोवती सगळं फिरायला लागलं की त्याला चूक दाखवणारं कोणी उरत नाही, आणि ते त्या पाळकासाठीपण घातक असतं.

पण शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं तर प्रेषित पौल आपल्या पत्रांत बिनधास्त नावं घेऊन आभार मानतो. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय म्हणजे जवळपास नावांची यादीच आहे, आणि प्रिस्का व अक्विला या आपल्या सहकाऱ्यांबद्दल तो म्हणतो की त्यांनी माझ्यासाठी जीव धोक्यात घातला, आणि एकटा मीच नाही तर परराष्ट्रीयांच्या (यहूदी नसलेल्यांच्या) सगळ्या मंडळ्या त्यांचे आभार मानतात. म्हणजे मंडळ्यांनी सेवकांचे आभार मानणं तेव्हापासून आहे. थेस्सलनीकाकरांना पहिल्या पत्रात (5:12-13) तर सरळ सांगितलंय की जे तुमच्यात कष्ट करतात त्यांना ओळखा आणि त्यांच्या कामासाठी त्यांना प्रेमाने खूप मान द्या. कामासाठी! गोड आवाजासाठी नाही, व्यक्तिमत्त्वासाठी नाही. हा शब्द आमच्यासाठी मोजपट्टी ठरला, पत्रात काम लिहायचं. त्या सभासदांना हे सांगितलं तर म्हणाले असं असेल तर मी पण लिहितो.

7 सप्टेंबर, रविवार

सरप्राईज ठेवायचं की नाही यावर बराच वेळ गेला. तरुण संघाला पूर्ण सरप्राईज हवं होतं. मी म्हटलं पत्रं गुपित ठेवा, सुट्टी गुपित ठेवू नका. कारण आपल्याला पाळकांना सलग सुट्टी पण द्यायची आहे आणि अचानक "उद्यापासून या सुट्टीवर" म्हटलं तर त्यांच्या डोक्यात आधी येणार ठरलेलं लग्न, हॉस्पिटलमधले आजारी, पुढच्या आठवड्याचा बाप्तिस्मा. ती सुट्टी नाही, नवीन टेन्शन आहे. आणि पाळकीणबाईंना नोकरी आहे, मुलांना शाळा आहे, त्यांची रजा जुळायला वेळ लागतो. म्हणून सुट्टीचं आधीच त्या दोघांशी बसून बोलायचं ठरलं.

10 सप्टेंबर, बुधवार

आज एक मोठं काम केलं. मंडळीचं कॅलेंडर, नोटीस बोर्ड, मीटिंगची मिनिट्स आणि रजिस्टर बघून पाळकांच्या साध्या आठवड्यात काय काय असतं ते लिहून काढलं, कोणाच्याही खाजगी गोष्टीत न जाता. संदेशाची तयारी, दोन बायबल स्टडी, घरोघरी भेटी, हॉस्पिटल, लग्नाआधीचं समुपदेशन, दृढीकरणाचा वर्ग, कमिट्या (तीन!), शिफारसपत्रं, सर्टिफिकेटवर सह्या, छताच्या गळतीसाठी कॉन्ट्रॅक्टरला फोन, साऊंड सिस्टिम, आणि अंत्यविधी, जो कधी कॅलेंडर बघून येत नाही. एका अंत्यविधीने आठवड्यातले दोन दिवस जातात आणि रविवार मात्र रविवारीच येतो, संदेश तयार हवाच असतो. यादी बघून आमच्या खजिनदार एकदम गप्प झाल्या, म्हणाल्या यातलं निम्मं तर पाळकाचं काम पण नाहीये.

इथे मला बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा 18 वा अध्याय आठवला. इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याचा सासरा इथ्रो भेटायला येतो, दुसऱ्या दिवशी बघतो तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक रांगेत उभे आणि मोशे एकटा न्याय करत बसलाय. इथ्रो तोंडभरून कौतुक करून निघून नाही गेला. तो म्हणाला तू करतोस हे बरं नाही, तू पण थकून जाशील आणि हे लोक पण, कामं वाटून दे. मला वाटतं बायबलमध्ये सेवकाला मिळालेली ही सगळ्यात कामाची मदत आहे, आणि ती अशा माणसाकडून आली ज्याने आधी दिवसभर बसून नीट बघितलं होतं.

हे आजही किती खरं आहे त्यासाठी एक आकडा. बार्ना ग्रुप या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेने अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट पाळकांना विचारलं तेव्हा मार्च 2022 मध्ये 42 टक्के पाळकांनी सांगितलं की गेल्या वर्षभरात पूर्णवेळ सेवा सोडायचा गंभीरपणे विचार केला होता. जानेवारी 2021 मध्ये हेच प्रमाण 29 टक्के होतं. ज्यांनी तसा विचार केला त्यांच्या कारणांमध्ये सगळ्यात वर कामाचा प्रचंड ताण, 56 टक्के, आणि त्याच्या खाली एकटेपणा, 43 टक्के. रोज माणसांमध्ये वावरणाऱ्या माणसाला एकटं वाटतं हे वाचून मी बराच वेळ तिथेच थांबलो. पण विचार केला तर कळतं, सगळे त्यांना सांगतात, ते कोणाला सांगणार?

14 सप्टेंबर, रविवार

पत्रांची पेटी दाराजवळ ठेवली आणि संध्याकाळी उघडली. आलेल्या पत्रांमध्ये बहुतेक "तुम्ही देवाचे महान सेवक आहात, देव तुम्हाला आशीर्वादित करो" असं. मनापासूनच लिहिलंय, पण हे कोणत्याही पाळकाला कोणीही लिहू शकतं, नाव बदललं की झालं. लोकांना लिहायचंय पण सुरुवात सुचत नाही. म्हणून पेटीजवळ एक कागद लावला: काय झालं होतं, पाळकांनी नेमकं काय केलं, त्यानंतर तुमच्याकडे काय बदललं. विशेषणं नको, प्रसंग द्या. चार ओळी पुरे. लिहिता येत नसेल तर तरुण संघातले दोघं बसून लिहून घेतील, फोनवर रेकॉर्ड केलेलं पण चालेल.

18 सप्टेंबर, गुरुवार

कागद लावल्यावर पत्रं बदलली. एका आजींचं पत्र आलं, त्यांच्या परवानगीने इथे थोडक्यात लिहितोय. आजोबा आयसीयूमध्ये होते, मुलगा परदेशातून निघाला होता पण पोचायला दुसरा दिवस लागणार होता. रात्री पाळक आले, एक छोटी प्रार्थना केली आणि मग बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आजी लिहितात की ते फार बोलले नाहीत. माझ्या फोनची बॅटरी संपत आलेली, मुलगा फोन करेल म्हणून मी घाबरले होते, तर पाळकांनी स्वतःचा चार्जर आणला, प्लग कुठे आहे ते नर्सला विचारून फोन लावून दिला आणि दर थोड्या वेळाने जाऊन किती टक्के झालं ते मला येऊन सांगत होते. पहाटे मुलाचा फोन आला आणि आजोबांच्या कानाला लावला. आजोबा दुपारी गेले. पत्रात शेवटी एकच वाक्य, त्या रात्रीचं मी तुम्हाला कधी बोलले नाही म्हणून आज लिहिते.

आता बघा, हे मंडळीत कोणालाच माहीत नव्हतं. मला तर वाटतं पाळकांच्या स्वतःच्याही लक्षात नसेल, त्यांच्यासाठी ती अजून एक हॉस्पिटलची रात्र असेल. म्हणूनच हे त्यांच्यापर्यंत पोचलं पाहिजे.

दुसरं एक, संडे स्कूलच्या मुलाने चित्र काढलंय, उपासना संपल्यावर पाळक खुर्च्या एकावर एक रचतायत आणि खाली लिहिलंय "सगळे गेल्यावर". मुलांना बरोबर दिसतं.

आजच नियम पण केला की पत्रं बंद पाकिटात राहतील, टीममधलं कोणी उघडणार नाही, लिहिणाऱ्याने स्वतः दाखवलं तरच. यात लोकांच्या आयुष्यातल्या नाजूक गोष्टी आहेत, त्यांचा कार्यक्रम नाही करायचा.

21 सप्टेंबर, रविवार

एका सभासदाने मला बाजूला घेऊन सांगितलं की मी नाही लिहिणार. पूर्वी दुसऱ्या एका मंडळीत तिथल्या पाळकाकडून त्याला खूप दुखावलं गेलंय, आणि पाळकांचं कौतुक ऐकलं तरी त्याला जड जातं. मी म्हटलं अजिबात लिहू नकोस, आणि त्याचं ऐकून घेतलं. ही गोष्ट अशा कार्यक्रमात विसरली जाते. आभार जबरदस्तीने घेतले की ते आभार राहत नाहीत, आणि ज्याला जखम आहे त्याच्यापुढे टाळ्यांचा गजर करणं म्हणजे त्याला परत एकदा सांगणं की तुझं दुःख इथे कोणाला दिसत नाही. म्हणून रविवारी "सगळ्यांनी उभं राहून" असं काही ठेवणार नाही, यादी करून कोणी लिहिलं कोणी नाही हे बघणार नाही.

पाळकांच्या मुलांसाठी वेगळी पाकिटं करायची ही कल्पना संडे स्कूलच्या एका टीचरची, आणि मला ती फार आवडली. त्या मुलांनी किती वाढदिवस, किती संध्याकाळी अर्ध्यावर सोडल्यात कारण फोन आला आणि बाबांना जावं लागलं. आपण पाळकांना वेळेसाठी थँक्यू म्हणतो, तो वेळ कोणाच्या वाट्याचा होता? पाळकीणबाईंना पण त्यांच्या नावाचं वेगळं पत्र, "पाळकांच्या मिसेस" म्हणून नाही, त्या स्वतः जे करतात त्यासाठी. आणि जर त्या काही करत नसतील, फक्त त्यांची नोकरी आणि घर बघत असतील, तरी ठीकच आहे, मंडळीने पगार एकाला दिलाय, दोघांना नाही.

24 सप्टेंबर, बुधवार

पैशाची मीटिंग. कोणीतरी म्हणालं एक चांगली रक्कम पाकिटात देऊ, विषय संपला. देऊयात की, पण यात दोन गोष्टी स्पष्ट हव्यात. एक, बऱ्याच देशांत मंडळीने दिलेली अशी भेट उत्पन्नात धरली जाते आणि त्यावर कर लागू शकतो, तर खजिनदारांनी आधी अकाउंटंटला विचारून घ्यावं, नाहीतर भेट देऊन पाळकांनाच नंतर कागदपत्रांत अडकवायचो.

दुसरी जास्त महत्त्वाची. भेट ही पगाराची भरपाई नाही. तीमथ्याला पहिल्या पत्रात (5:17-18) चांगलं नेतृत्व करणाऱ्या वडिलांना (म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना), खास करून वचन सांगण्यात आणि शिकवण्यात कष्ट करणाऱ्यांना, दुप्पट मान द्या म्हटलंय आणि लगेच पुढे मळणी करणाऱ्या बैलाला मुसकी घालू नका आणि मजुराला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे हे आहे. म्हणजे मान आणि मजुरी पौलाने शेजारी शेजारी ठेवलीय. वर्षभर पगार अपुरा, निवृत्तीची सोय नाही, आजारपणाचा विमा नाही आणि ऑक्टोबरमध्ये एक दिवस टाळ्या, हे मला मान्य नाही आणि मी मीटिंगमध्ये तसं बोललो. आवाज थोडा चढला पण कोणी वाईट वाटून घेतलं नाही. ठरलं असं की पगार, पेन्शन आणि मेडिकल हे वेगळं कलम म्हणून कमिटीच्या अजेंड्यावर येईल, नोव्हेंबरमध्ये, कौतुकाच्या दिवसाशी न जोडता. भेट छोटी असली तरी चालेल.

28 सप्टेंबर, रविवार

सुट्टीचं पक्कं झालं, 13 ऑक्टोबरपासून, मधला एक रविवार धरून. पाळक आधी म्हणाले की चार दिवस पुरे, आणि संदेश मी लिहून ठेवतो कोणीतरी वाचा. हेच तर नको! सुट्टीआधी दुप्पट काम करून मग सुट्टी घ्यायची याला काही अर्थ नाही. त्या रविवारी बाहेरचे उपदेशक येतायत, विनंती आम्ही केली, प्रवासाचं आम्ही बघतो. हॉस्पिटलच्या भेटी वडील मंडळींनी वाटून घेतल्या. अंत्यविधी आला तर शेजारच्या मंडळीच्या पाळकांनी यायचं कबूल केलंय. फोनसाठी एकच नंबर जाहीर करायचा आणि तो सेक्रेटरींचा, पाळकांचा नाही. खरोखर त्यांनाच कळवायला हवं का हे सेक्रेटरी ठरवतील.

रफीदीमच्या लढाईत मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी आधी त्याला बसायला दगड आणून दिला आणि मग दोन्ही बाजूंनी हात धरले, सूर्य मावळेपर्यंत. दगडाकडे सहसा लक्ष जात नाही, पण आधी बसायची सोय केली त्यांनी. आणि एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, खायला दिलं, परत झोपू दिलं, बोलणं नंतर. आमच्या टीममधल्या नर्स ताईंना हे वाचून दाखवलं तर म्हणाल्या मग सुट्टीत त्यांना प्रार्थनासभेला बोलवू नका म्हणजे झालं.

5 ऑक्टोबर, रविवार

पाकिटं एका साध्या पेटीत लावली. तीन जणांनी एकत्र एक पत्र दिलंय, काय आहे माहीत नाही, पण तिघं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते हे सगळ्यांना माहीत आहे.

आधीच्या निवृत्त पाळकांना पण पत्रं पोस्टाने गेली. सेवा करत असताना लोक येता-जाता हात मिळवतात, निवृत्तीनंतर फोनच थांबतो. एकाने तीस वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या वेळी मिळालेल्या सल्ल्याबद्दल लिहिलं आणि मला म्हणाला इतकी वर्षं डोक्यात होतं, पत्ता मागायचं राहून गेलं.

12 ऑक्टोबर, रविवार

उपासना नेहमीसारखीच झाली, कौतुकाला शेवटी थोडाच वेळ ठेवला. पाळकांना बोलायला सांगितलं नाही, मुद्दाम, कारण आभाराला उत्तर म्हणून त्यांनी पुन्हा एक छोटा संदेश तयार करायचा हे काही खरं नाही. आजींनी स्वतः पुढे येऊन आपलं पत्र वाचलं. चार्जरचं आलं तेव्हा पाळक खाली बघत होते, मग हळूच पाळकीणबाईंकडे वळून काहीतरी म्हणाले. पाळकीणबाईंनी नंतर सांगितलं, "मला हे त्या रात्री कुठे होते ते कधी कळलंच नव्हतं, मी विचारलं पण नव्हतं." मुलांनी आपली पाकिटं तिथेच फोडली, धाकटीने दोनदा वाचलं. ज्याने लिहिणार नाही म्हटलं होतं तो पण आला होता, मागे बसला, उपासनेनंतर मुलाचं चित्र बराच वेळ बघत उभा होता.

पेटी पाळकांच्या गाडीत ठेवली आणि सांगितलं सगळी पत्रं एकदम वाचू नका, जड आठवडा असेल तेव्हा एक काढा.

16 ऑक्टोबर, गुरुवार

ते सुट्टीवर आहेत. सेक्रेटरींना फोन येतायत आणि त्या म्हणतात अर्ध्या गोष्टी तर अशा आहेत ज्या मीच सांगू शकत होते, लोक सवयीने पाळकांना फोन करतात. हॉलची चावी, कार्यक्रमाची वेळ, सर्टिफिकेट कधी मिळेल. हे सगळं कायमचं ऑफिसकडे वळवायचं. हॉस्पिटलच्या भेटीला गेलेले एक वडील परत येऊन म्हणाले मला काय बोलावं सुचतच नव्हतं, पेशंटच माझ्याशी बोलत राहिला, पुढच्या गुरुवारी परत जाणार आहे.

26 ऑक्टोबर, रविवार

पाळक परत आलेत, आज संदेश त्यांचा होता. काय काय चालू ठेवायचं ते नक्की केलं: सोमवार हा पाळकांचा सुट्टीचा दिवस, बोर्डवर लिहिलाय, तातडीचं असेल तरच फोन. खुर्च्या आता तरुण संघ रचणार, आजपासून सुरू केलं. छताचं आणि साऊंडचं काम प्रॉपर्टी कमिटीकडे गेलं. पत्रांची पेटी दाराजवळच राहील, फक्त ऑक्टोबरपुरती नाही, आणि त्यात संडे स्कूल टीचर, ऑर्गन वाजवणारे, साफसफाई करणारे यांच्यासाठी पण पत्र टाकता येईल.

पगार-पेन्शनची मीटिंग 9 नोव्हेंबरला उपासनेनंतर. खजिनदार मागच्या पाच वर्षांचे आकडे काढतायत, आजूबाजूच्या मंडळ्या काय देतात ते मी विचारून आणतो, आणि ती मीटिंग पाळकांशिवाय होईल म्हणजे त्यांना समोर बसून अवघडायला नको.